रंगाखाली काय आहे, ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चिपळूणच्या घरातलं आजीचं कपाट तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आलंय. त्यावर हिरवा ऑइल पेंट आहे आणि त्याचे जागोजाग पोपडे सुटताहेत. सोबत वेताच्या दोन खुर्च्या आहेत, त्यांच्या बैठकांना झोळ पडलाय. सुतार म्हणतो, ग्राइंडर मारून सगळं साफ करतो आणि वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं प्लास्टिकसारखं पॉलिश, करून देतो. तुम्हाला चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा चकाकी नसलेला रंग, लावून कपाट पांढरं करावंसं वाटतंय. घरात दोन वर्षांचं मूल आहे. जुन्या बाजारातून हौसेनं आणलेली पितळी भांडी आणि फ्रेमा मांडल्यावर घर भंगाराचं दुकान वाटायला लागलं, असंही तुम्ही लिहिलंय. आणि शेवटच्या ओळीत विचारलंय, की कपाटाच्या मागच्या फळीवर आजोबांच्या हातचे काही आकडे आहेत, ते राखता येतील का.

मी बावीस वर्षं जुन्या लाकडाचं पॉलिश आणि दुरुस्ती करतोय. माझ्या अनुभवानं सांगतो, पीयू की चॉक पेंट हा प्रश्न आत्ता सोडवायचाच नाही. त्याचं उत्तर त्या हिरव्या रंगाखाली दडलंय, आणि ते कपाटच तुम्हाला सांगेल. पण त्याच्याही आधी एक गोष्ट, कारण घरात लहान मूल आहे.

सुताराला ग्राइंडर लावू देऊ नका. निदान घरात तर नाहीच. आपल्याकडे घरगुती रंगांमधल्या शिशावर कायद्यानं मर्यादा आली ती २०१६च्या नियमांनी, आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. दहा लाख भागांत ९० भाग, त्याहून जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी असते, आणि हिरवे, पिवळे, केशरी असे ठळक रंग त्यात जास्त बदनाम आहेत. तुमच्या कपाटाचा रंग तुमच्या आठवणीनुसार निदान तीस वर्षं जुना आहे. तेव्हा त्यात शिसं आहे असं धरूनच चाला. ग्राइंडरनं किंवा कोरड्या पॉलिश पेपरनं तो घासला की बारीक धूळ उडते, ती फरशीवर, पडद्यावर, खेळण्यांवर बसते, आणि रांगणाऱ्या-चालणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं बाधतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. हॉट एअर गनसुद्धा नको, रंग फार तापला तर शिशाच्या वाफा निघतात. तोवर सुटलेले पोपडे ओल्या फडक्यानं टिपून घ्या, फडकं फेकून द्या, आणि कपाट मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. जमलं तर जुनी चादर गुंडाळून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. कोकणातली जुनी कपाटं बहुतेक सागवानाची, काही फणसाची. दाराचा आतला, रंग न लागलेला भाग जरासा घासून वास घ्या. सागवानाला चामड्यासारखा, थोडा तेलकट वास येतो. फणस ताजा पिवळा आणि जुना झाला की तांबूस-तपकिरी दिसतो. तुमच्या फोटोतलं कपाट मला सागवानाचं वाटतं, पण फोटोवरून मी शपथ घेणार नाही.

सागवानाची छिद्रं उघडी असतात, डोळ्यांना रेघांसारखी दिसतात. म्हणून इथे एका गोष्टीनं सगळा फरक पडतो: हिरवा रंग मारण्याआधी लाकडावर चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पॉलिश होतं की रंग थेट कोऱ्या लाकडावर मारलाय? पॉलिश असेल तर त्यानं छिद्रं आधीच बुजवलेली असतात. रंग वरच्यावर बसलेला असतो आणि पॉलिशसकट निघून येतो. खाली असं लाकूड निघतं की घरचे लोक बघत राहतात. पण रंग कोऱ्या लाकडावर मारला असेल, तर तो छिद्रांत उतरून वाळलेला असतो. मग कितीही खरवडा, हिरवे ठिपके आणि रेघा उरतातच. ते घालवायला लाकूड एवढं घासावं लागतं की नक्षीच्या कडा बोथट होतात, दाराच्या फळ्या पातळ होतात. सुरुवातीच्या काळात मी एका आरशाच्या टेबलावर नेमकं हेच केलं. ठिपके जाईनात म्हणून घासत गेलो, आणि वरचं लाकूड म्हणजे कागदाएवढं पातळ व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पापुद्रा, निघालं. ते फुटून खालचं साधं लाकूड उघडं पडलं. गिऱ्हाइकाच्या आईच्या लग्नातलं टेबल होतं ते. तेव्हापासून चाचणी केल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही.

चाचणी अशी करा. दाराच्या खालच्या कडेला किंवा पायामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, दोन इंच चौकोन निवडा. त्यावर जेलसारखा दाट पेंट रिमूव्हर ब्रशनं जाडसर थापा, वर प्लास्टिकचा तुकडा ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. रंग सुरकुतला की बोथट स्क्रेपरनं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं उचलून घ्या. मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडानं जागा पुसा. कापडाला चहाच्या रंगाचं चिकट काही लागलं तर खाली चपडा आहे, आणि तुमचं नशीब चांगलं आहे. नुसती हिरवट छटा येत राहिली आणि छिद्रं हिरवी दिसली, तर रंग कोऱ्या लाकडावर आहे.

रिमूव्हर वापरताना जागा उघडी हवी. गच्ची सगळ्यात बरी. जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं, बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफा जिवावर बेततात. धुळीचा मास्क वाफा अडवत नाही. हातात जाड रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि मूल दुसऱ्या घरी. निघालेला चोथा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बंद करा, झाडांच्या कुंडीत किंवा मोरीत जाऊ देऊ नका. काही रंगारी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं रंग काढून देतात, स्वस्तही पडतं. सागवानाला ते करू देऊ नका. लाकूड काळवंडतं आणि जुन्या सांध्यांमधला सरस विरघळून कपाट खिळखिळं होतं.

आता दोन्ही वाटा सांगतो. खाली चपडा निघाला, तर सगळा रंग काढा आणि पुन्हा चपड्याचंच पॉलिश करा. माझ्या मते अशा कपाटाला पीयू देणं म्हणजे त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालणं. पीयू वाईट नाही. जेवणाच्या टेबलावर, ओट्याशेजारच्या शेल्फवर मी स्वतः तोच देतो, कारण चपडा गरम भांड्यानं आणि सॅनिटायझरनं खराब होतो. पण उभ्या कपाटाला ते दोन्ही धोके नाहीत. आणि पीयूला ओरखडा गेला की अख्खं दार पुन्हा घासावं लागतं. चपड्यावर मात्र नवा हात दिला की तो जुन्या थरात विरघळून एक होतो. वीस वर्षांनी तुमचं मूलही घरच्या घरी ते नवं करू शकेल. लाखेच्या किड्यापासून मिळणारा हाच चपडा औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटवर चकाकीसाठी लावतात, म्हणजे नीट वाळल्यावर त्याची भीती नाही.

रंग कोऱ्या लाकडावर निघाला, तर मी तुम्हाला खरवडण्याच्या फंदात पडू नका असं सांगेन. मग रंगच द्या, आणि तिथे तुमचा चॉक पेंट अगदी योग्य आहे. फक्त पांढऱ्याचा हट्ट असेल तर एक लक्षात ठेवा: सागवानातला नैसर्गिक रंग महिन्या-दोन महिन्यांत पांढऱ्यातून पिवळे डाग होऊन वर येतो. म्हणून पोपडे ओल्या पॉलिश पेपरनं, पाणी मारत मारत सपाट करा, म्हणजे धूळ उडणार नाही. त्यावर चपड्याचे दोन पातळ हात द्या, आणि मग रंग. चपडा तो डाग अडवतो. जुना शिशाचा थरही नव्या रंगाखाली बंद राहतो, पोपडे सुटत नाहीत तोवर. दाराच्या कडा एकमेकींवर घासत असतील तर तेवढ्या जागेचा जुना रंग रिमूव्हरनं काढाच, नाहीतर दर उघडझापीला भुगा पडत राहील.

जे कपाट आजवर कधी रंगवलंच नाही, नुसतं काळं-मळकट झालंय, त्याला मात्र पांढरा रंग लावू नका. हे तुम्हाला लागू नाही, पण तुमच्यासारखा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं म्हणून लिहितो. शंभरातल्या साठ कपाटांना पॉलिश काढायचीसुद्धा गरज नसते. टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळलेल्या कापडानं चाळीस वर्षांचा धूर, तेल आणि हाताचा मळ उतरतो आणि खालचं पॉलिश शाबूत निघतं. मग वर चपड्याचा एक हात पुरतो.

पॉलिशच्या आधी कीड तपासा. सागवानाचा आतला गडद गाभा किडे सहसा खात नाहीत, पण सुतारानं काटकसर म्हणून कडेचा फिका भाग वापरला असेल तर तो खातात. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि मैद्यासारखी बारीक पूड म्हणजे भुंग्याची कीड. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि ती तुमच्या भिंतीतून येतेय का हे आधी बघायला हवं. भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही. कपाट झटकून खाली काळा कागद पसरा आणि पंधरा दिवसांनी बघा. नवी पूड पडली असेल तरच औषध. लाकडाचं तेलकट वाळवीनाशक इंजेक्शनच्या सिरिंजनं भोकाभोकात भरतात. हे काम मी घरी करायला सांगत नाही, माणूस बोलवा आणि त्या खोलीत मुलाला चार-पाच दिवस जाऊ देऊ नका.

सांधे हलत असतील तर खिळा ठोकू नका. जुन्या कपाटांत कूस आणि साळ, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, बसवून आरपार बांबूची खुंटी मारलेली असते. खुंटी वाळून बारीक होते म्हणून सांधा हलतो. खुंटी बदलली, सांध्यात थोडा सरस किंवा फेव्हिकॉल घातला आणि रात्रभर दोरीनं पीळ देऊन ठेवलं की झालं. लोखंडी खिळा मारला तर लाकूड चिरतं आणि ओल लागली की त्याच्याभोवती काळा डाग पसरतो. तुमच्या फोटोत कडी-कोयंड्याखाली तसा डाग दिसतोय. ऑक्झॅलिक ॲसिडच्या कोमट द्रावणानं तो बऱ्यापैकी जातो, पण ते विष आहे. मोजे घाला, नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं पुसून काढा.

आणि खालचा ड्रॉवर अडकतोय म्हणून सुतार रंधा मारायला निघालाय ना? त्याला थांबवा. हा पावसाळा आहे, लाकूड फुगलंय. आत्ता तासलं तर मार्चमध्ये तोच ड्रॉवर खडखडेल. धावेवर मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत कळ काढा.

पॉलिशलाही हाच नियम. मला उताविळी समजते, पण पावसाळ्यात चपडा लावू नका. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. एका जुलैमध्ये गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या घाईपायी मी ऐकलं, आणि अख्खा पलंग ढगाळ झाला. ऑक्टोबरमध्ये नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवून तो पुन्हा मोकळा केला. पुण्यात ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला सगळ्यात चांगले. आत्ता फक्त चाचणी करून घ्या, बाकीचं तेव्हा.

चपडा पत्र्यासारख्या चकत्यांचा घ्या, तयार बाटलीतला नको. विरघळवलेला चपडा सहा महिन्यांनी वाळेनासा होतो, आणि दुकानातली बाटली कधीची आहे ते कळत नाही. एक लिटर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डब्यात केला तर काळपट होतो. सकाळी मलमलीतून गाळा. लाकूड १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग १८०नं, मग २२०नं रेषेच्या दिशेनं घासा. तोवर सगळा रंग गेलेला असेल, म्हणून इथे कोरडं घासायला हरकत नाही. छिद्रं बुजवायला आमच्याकडे चॉक पावडरीत गेरू आणि पिवळी माती लाकडाच्या रंगाला जुळवून मिसळतात आणि पातळ चपड्यात कालवून चोळतात. नंतर कापसाचा गोळा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून घ्या. चपड्यात बुडवून पिळा, आणि एकदा टेकवला की थांबू नका, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात हात न्या. मध्ये थांबलात तर तिथे गोळा चिकटतो. वीस मिनिटांनी दुसरा हात. चार-पाच पातळ हात झाले की रात्रभर वाळू द्या, मग ३२० नंबरनं अगदी हलकं घासून आणखी दोन. पहिल्यांदा जमणार नाही, म्हणून दाराच्या आतल्या बाजूपासून सुरुवात करा. स्पिरिट पेट घेतं, देवघरातला दिवा आणि गॅस तेवढा वेळ बंद.

आतल्या फळ्यांना बेलतेल, म्हणजे रंगाऱ्यांचं उकळलेलं जवसाचं तेल, लावू नका. बंद कपाटात तेलाला खवट वास सुटतो आणि कपड्यांना लागतो. जुन्या कपाटाचा कुबट वास घालवायला आतूनही चपड्याचा एकच पातळ हात पुरेसा आहे. बाहेर कुठे बेलतेल वापरलंत तर ती फडकी बोळा करून टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

एवढ्याचा क्रम सांगायचा तर: पोपडे टिपून कपाट झाकणं आज, दोन इंचाची चाचणी आणि काळा कागद या महिन्यात, सांधे आणि रंग काढणं पाऊस ओसरल्यावर, पॉलिश दिवाळीनंतर.

खुर्च्यांचं काम मात्र तुम्ही येत्या उन्हाच्या दिवशीच करू शकता. वेत तुटलेला नाही, नुसता झोळला आहे, हे फोटोत दिसतंय. खुर्ची उलटी करा आणि खालच्या बाजूनं गरम पाण्यात भिजवलेला पंचा दाबून ठेवा, अर्धा तास. वेताची वरची बाजू गुळगुळीत असते, ती पाणी पीत नाही, खालची पिते. मग सावलीत, वारा येईल अशा जागी पूर्ण वाळू द्या आणि दोन दिवस कुणाला बसू देऊ नका. वेत आक्रसून ताणला जातो. पुढे कधी विणायची वेळ आली, तर चौकटीच्या कडेला भोकं आहेत का ते बघा. असतील तर ती हातानं विणलेली बैठक आहे आणि तशीच विणून घ्या. प्लास्टिकचा वेत स्वस्त पडतो, पण घामानं चिकटतो आणि एकदा सैल झाला की पाण्यानं ताणला जात नाही.

आता घर मांडायचं. तुम्ही घंगाळ, दोन डबे, समई, तीन फ्रेमा आणि लाकडी मसाल्याचा डबा एकाच भिंतीशी ठेवलाय. प्रत्येक वस्तू चांगली आहे, पण सगळ्या एकाच वेळी बोलताहेत. मी गिऱ्हाइकांना सांगतो, खोलीत एकच जुनी मोठी वस्तू, आणि तिच्या आसपास हातभर मोकळी भिंत. तुमच्या दिवाणखान्यात ती वस्तू कपाट असणार. मग घंगाळ बाल्कनीच्या दाराशी जाऊ द्या, आत साध्या कुंडीतलं रोप ठेवा, पण घंगाळाला भोक पाडू नका. समई देवघरात, जिथली आहे तिथे. डबे स्वयंपाकघरात, आणि ते रोज वापरात येऊ द्या. कोरडं धान्य ठेवायला हरकत नाही, आंबट काही ठेवायचं तर कल्हई हवी. वस्तू कामात असली की ती मांडलेली वाटत नाही, घरातली वाटते. फ्रेमांपैकी एकच लावा, बाकीच्या कपाटात ठेवून वर्षभरानं बदला. दिवा पिवळसर घ्या, पांढऱ्या ट्यूबखाली सागवान आणि पितळ दोन्ही मेल्यासारखी दिसतात.

पितळ चिंचेनं उजळताना चिंच तासभर ठेवू नका. आम्लानं पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर तांब्याची गुलाबी छटा येते. दोन मिनिटं चोळा, धुवा, लगेच कोरडं पुसा. आणि घंगाळाच्या काठाखालची काळसर झाक सगळी काढायलाच हवी असं नाही. मला ती आवडते, नक्षी तिच्यामुळेच उठून दिसते.

जुन्या बाजारातून लाकडी वस्तू आणाल तेव्हा ढेकूण बघितल्याशिवाय उंबरा ओलांडू देऊ नका. खुर्चीच्या सांध्यांत, फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यात काळे बारीक ठिपके दिसले की ती वस्तू परत. उन्हात ठेवून ढेकूण जातात यावर विसंबू नका, ते फटीत आत सरकतात.

राहिली मागची फळी. तुम्ही लिहिलंय की आकडे काही काळे आणि काही जांभळट आहेत. काळे साध्या पेन्सिलीचे असणार, ते स्पिरिटनं विरघळत नाहीत, पण घासले तर जातात. जांभळे मात्र बहुधा शाईच्या पेन्सिलीचे आहेत, पूर्वी हिशेबाला वापरायचे ती. तिला पाणी किंवा स्पिरिट लागलं की अक्षर फुटून पसरतं. तेव्हा त्या फळीला काहीच लावायचं नाही. ना ओलं फडकं, ना चपडा, ना मेण. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, दिवसाच्या तिरप्या उजेडात नीट फोटो काढून ठेवा. बाकी कपाटाचं काम चालू असताना त्यावर कोरडा पुठ्ठा बांधून ठेवा. पुठ्ठा चिकटपट्टीनं चिकटवू नका, दोरीनं बांधा. आणि कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, म्हणजे भिंतीची ओल तिथवर पोचणार नाही. सुताराला हे काम सुरू होण्याआधी सांगा, आणि त्याच्यासमोर स्वतः पुठ्ठा बांधा. साफसफाई म्हणून आधी तीच फळी घासली जाते, हे मी पाहिलंय.